लंडनलाही नळाची वेळ होती

दादा, शनिवारी पाणी आलं. सांधा गळतोय, मधल्या लोखंडी पट्टीखालून चांगली धार लागली होती, आणि दुसऱ्या खोडातलं भोक सरळ गेलेलं नाही. तू विचारायच्या आत हे सगळं सांगून टाकते. पण पाणी आलं.

हे फोनवर सांगायचं होतं. रविवारी सकाळचा चहा झाला की आपला फोन ठरलेला. तू बर्मिंगहॅमला, मी स्लाऊला. तू "बोल नंदे" म्हणायचास आणि पुढे मला बोलूच द्यायचा नाहीस. तू गेल्यापासून रविवारी मी त्याच खुर्चीत चहा घेऊन बसते. चहा संपतो, आणि मग पुढे काय करायचं असतं तेच कळत नाही.

तुझ्या क्रियाकर्माला आलेल्यांपैकी कुणी कुणी विचारलं, तुमचे भाऊ काय करायचे? मी म्हटलं, इंजिनियर होते, गाड्यांच्या कारखान्यात. एवढंच म्हटलं. कारखाना बंद झाल्यावर पन्नाशीत तू दप्तर घेऊन पुन्हा कॉलेजात गेलास, यंत्रांचा इतिहास शिकलास, आणि त्यातल्या एका गोष्टीत जो अडकलास तो अडकलासच, हे कुठून सांगत बसू? तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या शहरांनी घरोघरी पाणी कसं नेलं, एवढ्या एका गोष्टीवर तू उरलेलं आयुष्य आनंदात काढलंस. वहिनी म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे रिटायर झाले की गोल्फ खेळतात, माझा जुनी गटारं शोधत फिरतो." त्यावर तू न चुकता, "गटारं नाहीत गं, नळ. नळ!"

मला या सगळ्यात रस कधी वाटायला लागला ते सांगते. तू मला लंडनला बोलावलं होतंस, उत्तरेकडे त्या जुन्या कालव्याच्या काठाने चालायला. बाहेरगावच्या झऱ्यांचं पाणी शहराला मिळावं म्हणून तो हाताने खणलेला, आणि अजून वाहतोय. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. होता एक अरुंद ओहोळ, त्यात दोन बदकं आणि कुणीतरी टाकलेली सुपरमार्केटची ट्रॉली. तू मात्र गंगेकाठी आल्यासारखा चाललेला. हे पाणी शहराच्या वेशीवर हौदात पडायचं, तिथून एल्मच्या लाकडाच्या पोकळ नळांतून रस्त्यांखाली जायचं. खाली थेम्सवरच्या जुन्या पुलाच्या कमानींत पाणचक्क्या बसवलेल्या, भरती-ओहोटीच्या जोरावर त्या पंप चालवायच्या आणि नदीचं पाणी वर ढकलायच्या. लाकडी नळ फार जोर सोसत नाहीत, म्हणून पाणी खालच्या मजल्यापर्यंतच चढायचं. मी "हं, हं" करत होते. नवीन बुटांनी टाच सोलवटली होती, खरं लक्ष तिकडे होतं.

मग तू म्हणालास, "आणि दिवसभर यायचं नाही बरं का. प्रत्येक गल्लीचे वार ठरलेले. लांब दांड्याची चावी घेऊन माणूस यायचा, रस्त्यातला व्हॉल्व्ह उघडायचा, की लोकांनी घरातल्या टाक्या भरून घ्यायच्या."

मी थांबलेच. "म्हणजे व्हॉल्व्हमन?"

"व्हॉल्व्हमन! नंदे, लंडनलाही नळाची वेळ होती!"

तुझा चेहरा काय फुलला होता. आणि मग आपण दोघं एकाच दमात ओरडलो, "नळ आले!" नागपूरला महाल भागातल्या आपल्या गल्लीत पहाटे कुणीतरी एकजण ओरडायचं आणि घराघरांतून भांड्यांचा आवाज उठायचा, अगदी तसंच. कुत्रं घेऊन चाललेली एक बाई दचकून बाजूला झाली. तू तिला "सॉरी, सॉरी" म्हणत हसत होतास. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून. तेवढी मी परत कधी हसले, आठवत नाही.

आणि त्याच रस्त्यावर, पुढच्या बाकापर्यंत पोचायच्या आत, आपलं भांडण सुरू झालं.

तू सांगत होतास की त्याआधी चौकाचौकांत दगडी टाक्या असायच्या, त्यांना तोट्या. तिथे बायका यायच्या, घरगडी यायचे, खांद्यावर उंच लाकडी भांडी घेतलेले पाणके यायचे. गावातली सगळी बातमी तिथे. मग ज्यांना परवडलं त्यांनी शिशाच्या बारीक नळ्या घरात ओढून घेतल्या. "घरात नळ आला," तू म्हणालास, "आणि रस्त्यावरचं बोलणं संपलं. माणसं सुटी सुटी झाली." हे वाक्य तू तुझ्या संध्याकाळच्या वर्गातही म्हणायचास, मला नंतर कळलं. लोकांना फार आवडायचं म्हणे.

मी विचारलं, "दादा, तू कधी पाण्याने भरलेला गुंड डोक्यावर उचललास?"

"त्याचा काय संबंध?"

"आईच्या मानेला विचार काय संबंध ते."

झालं. ते भांडण पुढे कितीतरी वर्षं चाललं. तुला जुन्या कागदांत काहीतरी सापडायचं आणि फोन यायचा. "ऐक, पाणक्यांनी तक्रार केली होती, की खाजगी नळ्यांमुळे चौकातल्या टाकीला पाणीच उरत नाही." मी म्हणायचे, पाणक्यांचं पोट त्यावर होतं, आईचं नव्हतं. ती फुकट वाहायची. तू म्हणायचास, तू भावनेवर जातेस. मी म्हणायचे, मी मणक्यावर जाते. वहिनी मागून ओरडायची, "पुरे करा आता, भात निवतोय!"

माझे पेशंट तोंड उघडं ठेवून पडलेले असतात, मी काहीही बोलले तरी उलट उत्तर देऊ शकत नाहीत. घरी आता कुणी नाही. आपलं चुकतही असेल, असं मला वाटायला लावणारा माणूस तू एकटाच होतास. त्या माणसाची किती गरज असते, हे माणूस असताना कळत नाही बघ.

मग तुला ते म्युझियम मिळालं. छोटंसं, सगळं व्हॉलंटियर्सनी चालवलेलं. त्यांच्या ओपन डेला लाकडी नळ करून दाखवतो, असं तू सांगून बसलास. इंग्लंडातले बहुतेक एल्म रोगाने कधीच गेले, ते तरी कुठून आणणार? पण समुद्राकाठच्या एका गावात वादळात एक पडलंय असं तुला कळलं आणि तू ट्रेलर घेऊन गेलास. सत्तरीच्या माणसाने. दोन खोडं बागेत येऊन पडली, वहिनीच्या गुलाबांवर. दुसऱ्या दिवशी मला फोन.

"नंदे, बँक हॉलिडेच्या सुट्टीला ये. तू डेंटिस्ट. भोक पाडणं तुझा धंदा."

आले. माणसाहून लांब गिरमिट तू करून घेतलं होतंस, पुढे पळीसारखं पातं, मागे आडवा दांडा. खोड दोन लाकडी घोड्यांवर साखळीने आवळलेलं. तू एका बाजूला, मी दुसऱ्या, जात्यासारखं फिरवत राहायचं. थोडं आत गेलं की बाहेर ओढायचं आणि ओल्या ढलप्या झाडायच्या. त्या लाकडाला आंबूस वास होता, हाताचा दोन दिवस गेला नाही. आरपार भोक पडलं की जरा रुंद पातं, मग त्याहून रुंद.

मी म्हटलं, "दादा, हे तर रूट कनॅल आहे. आधी बारीक फाईल, मग जाड, मग आणखी जाड. मधे मधे धुवायचं."

तू गिरमिट सोडून उभाच राहिलास. "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. "इतकी वर्षं तुझ्याकडे हे होतं आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस, मी दिवसभर काय करते ते?"

तू हसलास आणि पालथ्या बादलीवर बसलास. टी-शर्ट घामाने भिजलेला. मी थर्मासमधला चहा ओतत होते. मग म्हणालास, "गुंड किती जड असायचा गं?"

दादा, सगळ्या वर्षांत हे तू पहिल्यांदा विचारलंस. मी सांगितलं. वजन डोक्यावर नसतं, मानेच्या मागे एका ठिकाणी बसतं आणि तिथून पाठीत उतरतं. चुंबळ ओली झाली की सरकते, मग एक हात वर धरून चालायचं. हिंदकळलेलं पाणी मानेवरून आत जायचं, थंडीत फार वाईट. शाळेचा फ्रॉक ओला व्हायचा आणि पहिल्या तासाला अंगावरच वाळायचा. तू मधे एकदाही बोलला नाहीस. मग म्हणालास, "मला आठवतच नाही. मी तेव्हा घरात होतो ना?"

"होतास. अभ्यास करत होतास."

चहा निवला तुझा. "मग माझ्या लेक्चरमधे चूक आहे," तू म्हणालास.

मला वाटलं जिंकले. पण तू तो तूच. लगेच मान वर केलीस. "पण एक सांग. तिथे उभ्या असायचात, तेव्हा बोलायचात काय?"

मी म्हटलं, "काही नाही. नंबर लावून उभ्या असायचो." आणि गिरमिट उचललं. आपण पुन्हा फिरवायला लागलो. संध्याकाळी पहिलं खोड पूर्ण झालं. तू एका तोंडाला डोळा लावलास, मी दुसऱ्या, आणि त्या पोकळीतून तुझा मोठा झालेला डोळा मला दिसला. "दिसतेस!" तू ओरडलास.

दुसरं खोड पुढच्या खेपेला करायचं ठरलं.

तुझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही कुणी फार घाबरलो नाही. दोन दिवस ठेवून घेतील आणि सोडतील असंच वाटलं होतं. मी आले तेव्हा तू बसून टोस्ट खात होतास आणि टोस्टला नावं ठेवत होतास. वहिनीला म्हणालास, "खोडांवरची चादर ओली ठेव. वाळली तर चिरतील." ती चिडली. "स्वतःचं बघा आधी." मी निघताना तू हात केलास, मीही केला, पार्किंगची वेळ संपत आली होती म्हणून घाईघाईत. मी मोटरवेवर असताना तुझ्या इराचा फोन आला. आत्या, असं म्हणाली, आणि पुढे तिला मराठीही सुचेना आणि इंग्लिशही.

वहिनीचं सांगते. लोक भेटायला यायचे, हॉलमधे बसायचे, आणि ही मधेच उठून बागेत जायची आणि होजपाईपने खोडं भिजवायची. एकदा तर पाऊस पडत होता. शेजारच्या काकूंनी म्हटलंसुद्धा, "अगं, पाऊस आहे ना." वहिनी म्हणाली, "चादरीखाली जात नाही." आणि भिजत उभी राहिली. तू तिच्याकडून मागितलेली ती शेवटची गोष्ट होती, दादा. एक संध्याकाळ तिने चुकवली नाही.

म्युझियमचा फोन आला, कार्यक्रम रद्द करायचा का? मी हो म्हणणार होते. इराने फोन घेतला. तुझी ही मुलगी, जिने तुझ्या नळांच्या गोष्टींना जन्मभर नाक मुरडलं, कौन्सिलच्या ऑफिसातून सुट्टी काढून आली आणि म्हणाली, "आत्या, तो दुसरा खोड आपण करू. यू नो हाऊ."

"ते दुसरं खोड," मी म्हटलं.

"व्हॉटेव्हर. करू या ना."

केलं. तुझ्या हाताचा अंदाज आमच्याकडे नव्हता. पातं मधेच एका गाठीला लागलं आणि वळलं, पलीकडे बाहेर आलं ते चांगलं चार बोटं बाजूला. इरा खोडावर डोकं टेकून रडायला लागली. "बाबा मला नेहमी बोलवायचा. आय वॉज ऑल्वेज बिझी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, तुझ्या बाबाला तू बिझी असलेली आवडायची, मला दर रविवारी सांगायचा तुझं काय काय चाललंय ते. हे खरं आहे, तुला माहीत आहे. मग ती उठली, नाक पुसलं, आणि आम्ही रुंद पातं लावलं.

शनिवारी म्युझियमच्या आवारात एका खोडाचं निमुळतं तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात ठोकून बसवलं, पट्टी आवळली, आणि वर ठेवलेल्या पिंपाची तोटी सोडली. पाणी आत गेलं आणि गेलंच. दुसऱ्या टोकाला थेंब नाही. माणसं घड्याळं बघायला लागली. लाकूड आधी स्वतः पितं, हे तू सांगितलं असतंस आणि लोकांना बोलण्यात गुंतवून ठेवलं असतंस. आम्ही नुसत्या उभ्या. मग आतून गुरगुर आवाज आला, तपकिरी पाणी आलं, ढलप्या आल्या, आणि मागोमाग स्वच्छ धार. सरळ वहिनीने लावलेल्या बादलीत.

"पाणी आली!" इरा किंचाळली. "आत्या, पाणी आली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून तुला शोधलं. खरंच वळले, दादा. इतक्या दिवसांत मला तू इतका हवासा कधी वाटला नव्हतास.

त्यांनी मला चार शब्द बोलायला सांगितले. मी लोकांना आईची मान सांगितली, ओला फ्रॉक सांगितला. मग गर्दी पांगली, लोक चहा-केककडे गेले. आम्ही तिघी त्या धारेपाशीच राहिलो. इराने विचारलं, "इट वॉज जस्ट हॉरिबल देन? नळावर काहीच चांगला नव्हता?"

आणि तुला जे सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं.

आपल्या घरात नळ आला तेव्हा तू नोकरीला पुण्यात होतास. आईने तोटीला हळदकुंकू लावलं. आणि पुढच्याच आठवड्यात एक दिवस पहाटे लहान कळशी घेऊन गल्लीतल्या नळाकडे निघाली. मी विचारलं, "घरात आहे ना आता?" म्हणाली, "असू दे. त्या पाण्याला चव आहे." परतायला तिने तास लावला. कळशी अर्धीच भरलेली होती. त्यानंतर मधून मधून जायचीच. मी तुला हे सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे जिंकला असतास, म्हणून नाही सांगितलं. पुढच्या कुठल्यातरी रविवारी सांगेन, असं वाटायचं.

"पण शी वेंट देअर टू डू व्हॉट?" इराने विचारलं.

दादा, आई तिथे आधीपासूनच तुझी नक्कल करायची. घरात बाबांसमोर आवाज न चढवणारी आपली आई. नळावर गुंड बाजूला ठेवायची, पदर खोचायची आणि तू कसा पाठ करत येरझारा घालतोस, मधेच कसा विसरतोस, मग छताकडे बघून कसा चष्मा वर ढकलतोस, सगळं करून दाखवायची. बायका हसून हसून वाकायच्या. पुन्हा कर, म्हणायच्या. तुझे मार्क अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होते. मी तिथे भरलेला गुंड डोक्यावर घेऊन उभी असायचे आणि मला तुझा राग यायचा, आणि हसूही यायचं. तिचं मोकळं हसणं मला फक्त तिथलंच आठवतं.

"दाखव," इरा म्हणाली. "आत्या, दाखव ना."

मी आजूबाजूला बघितलं. मग पर्स खाली ठेवली, हात मागे बांधले, ओठ पुटपुटत चार पावलं गेले, थबकले, वर बघितलं आणि चष्मा ढकलला. इराने तोंडावर हात घेतला. "ओह माय गॉड. दॅट्स हिम."

"छे," वहिनी म्हणाली. तुझ्यानंतर तिचा एवढा खणखणीत आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ढकलायचे ते अंगठ्याने. आणि मान अशी नाही, अशी." आणि तिने करून दाखवलं. तू जसाच्या तसा. इरा इतकी हसली की तिला खोडाचा आधार घ्यावा लागला. मग तिने स्वतः केलं, तू टीव्हीसमोर पेंगायचास आणि "मी जागाच आहे" म्हणायचास ते. मग वहिनीने तुझं ट्रेलर रिव्हर्स करणं केलं. मग मी. वहिनीच्या पायाशी बादली भरून वाहायला लागली होती, तिच्या चपला भिजत होत्या, आणि आम्ही तिघी अजून तुझंच बोलत होतो.